बाजेचे चार कोपरे

मागच्या पावसाळ्यात आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत एका तरुणानं साक्ष दिली. साक्ष म्हटली की तिचा साचा ठरलेला असतो. आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका, शेवटी ‘प्रभूची स्तुती असो’ आणि सगळ्यांचं एकसाथ ‘आमेन’. या मुलानं साचा मोडला. तो म्हणाला, दीड वर्षापासून मला नैराश्याचा आजार आहे, रोज रात्री गोळी घेतो, अजून पुरता बरा झालेलो नाही, आणि तरी प्रभू माझ्यासोबत आहे असं मी तुम्हाला सांगतो. आमेन आलं, पण दोन-तीन बाकांवरूनच. संध्याकाळपर्यंत तरुणसंघात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, खऱ्या विश्वासणाऱ्याला नैराश्य येऊच शकत नाही. गोळीवर भिस्त ठेवायची तर साक्ष कसली देता? दुसऱ्या तटात शिकलेली आणि चर्चपासून जरा लांब गेलेली मुलं. त्यांचं म्हणणं, आजार मेंदूचा, उपाय डॉक्टरचा. त्यात देव आणणं म्हणजे मनाची समजूत घालणं. वाद अजून मिटलेला नाही. तो ऐकताना माझा जीव तुटतो, कारण या सगळ्या गदारोळात त्या मुलाकडे कुणी पाहतच नाही.

दोन्ही तट एकमेकांवर तुटून पडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे: विश्वास हे एक प्रकारचं औषध आहे. पहिल्यांना ते रामबाण वाटतं, दुसऱ्यांना बनावट. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. नैराश्यात ख्रिस्ती विश्वासानं आशा मिळते, हे मी ठामपणे म्हणते. पण ती आशा ‘आता बरं वाटेल’ अशी नसते. बरं वाटत नसताना, प्रार्थनेला तोंड उघडत नसताना, देवाचा मागमूस नसतानाही आपल्याला कुणीतरी धरून ठेवलं आहे, याची ती आशा असते. आणि ती आकाशातून पडत नाही; बहुतेक वेळा ती दोन पायांवर चालत आपल्या दाराशी येते.

हे मी लांबून बोलत नाही. मी शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी नऊ महिने मी या आजारात काढले. एका सकाळी दूध उतू जाताना मी गॅससमोर उभी होते. साय वर आली, फुगली, कडेवरून खाली गेली, ज्योत विझली, वास सुटला. आणि बटण फिरवायला हात उचलावा इतकी ताकद माझ्यात नव्हती. दुःख नव्हतं ते. दुःखात माणूस रडतो तरी. त्या दिवसांत एक सुवार्तिक (ख्रिस्ती धर्मप्रचारक) घरी आले, डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि जाताना म्हणाले, आता त्या गोळ्यांची गरज नाही, विश्वास धरा. मी धरला. तीन आठवडे गोळ्या बंद ठेवल्या. ते तीन आठवडे माझ्या घरच्यांना अजून आठवतात. म्हणून दुसऱ्या तटातल्या मुलांचा राग मला समजतो, आणि त्यांचे मुद्दे आधी मान्य करते.

श्रद्धेच्या नावाखाली मनोरुग्णांचे हाल होतात, हे खरं आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खाजगी आश्रमात आग लागली आणि २८ रुग्ण होरपळून मेले. पळता आलं नाही, कारण त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं. तो दर्गा होता, आपलं चर्च नव्हतं, असं म्हणून आपण हात झटकू शकत नाही. प्रार्थनेनं बरं करायच्या आरोग्यदान सभांमध्ये ‘औषधं सोडा’ असं सांगणारे आपल्यातही आहेत, हे प्रत्येक मंडळीला माहीत आहे. भूत काढण्याच्या नावाखाली आजारी पोरीला उपाशी ठेवणारेही आहेत. डॉक्टरकडे जायला लागलेला उशीर हा प्रार्थनेमुळे झालेला असेल, तर त्या प्रार्थनेचा जाब आपण द्यायलाच हवा.

दुसरा मुद्दा याहून जड आहे. ख्रिस्ती विश्वास पापाबद्दल, क्षमेबद्दल, न्यायाच्या दिवसाबद्दल बोलतो. नैराश्यानं पोखरलेल्या मनाला हीच भाषा शस्त्रासारखी स्वतःवर चालवता येते. इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) याचं आयुष्य याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. ओल्नी गावात त्यानं आणि तिथला पाळक जॉन न्यूटन यानं मिळून गीतसंग्रह तयार केला, तो १७७९ मध्ये छापला गेला आणि त्यातली गीतं आजही जगभर गायली जातात. पण त्याआधीच, १७७३ मध्ये, कूपरला आजाराचा मोठा झटका आला आणि आपला कायमचा नाश ठरलेला आहे अशी त्याची खात्री पटली. मरेपर्यंत ती गेली नाही. दुसऱ्यांना धीर देणारी गीतं लिहिणारा हा माणूस पुढची सत्तावीस वर्षं स्वतःला देवानं टाकलेला समजत राहिला. मग अशा विश्वासानं आशा मिळते असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? न्यूटनच्या कडक शिकवणीनंच कूपरला वेडं केलं, असं म्हणणारे चरित्रकारही आहेत.

मी या उदाहरणावर बराच विचार केला आहे. कूपरचा आजार विश्वासाच्या आधीचा आहे. तरुणपणी वकिली शिकत असतानाच खिन्नतेनं त्याला घेरलं होतं. १७६३ मध्ये नोकरीच्या एका परीक्षेच्या धास्तीनं तो पार कोसळला. विश्वास त्याला सापडला तो त्यानंतर, सेंट ऑल्बन्सला डॉ. नथॅनिएल कॉटन यांच्या मनोरुग्णालयात उपचार घेत असताना. म्हणजे धर्मानं आजार दिला नाही. आजारानं हाताशी असलेली धर्माची भाषा उचलली. आज तोच आजार कर्जाची भाषा उचलतो, परीक्षेच्या मार्कांची उचलतो, ‘मी वाईट आई आहे’ ही उचलतो. त्याला बोलायला शब्द लागतात आणि घरात जे असतील ते तो वापरतो. ‘माझ्या पापाला क्षमा नाही’ असं एखादी बाई पाळकांपाशी येऊन महिनोन्‌महिने म्हणत असेल, झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, तर तिला पश्चात्तापाचा उपदेश करू नये. तिला डॉक्टरकडे न्यावं. ते वाक्य तिच्या पापाविषयी काही सांगत नाही. तापाचा आकडा जसा तापाविषयी सांगतो, तसं ते आजाराविषयी सांगतं.

आणि कूपरच्या गोष्टीतला उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नाही. १७७३ मध्ये तो कोसळला तेव्हा न्यूटननं त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. एक-दोन दिवस नव्हे, वर्षाहून अधिक काळ. हा न्यूटन एके काळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. मेरी अनविन या बाईंनी आयुष्यभर कूपरची काळजी वाहिली. शेजाऱ्यांनी सशाचं पिल्लू आणून दिलं, मग आणखी आली. कूपरनं तीन ससे पाळले, त्यांच्यासाठी खुराडी ठोकली, बाग केली. देवानं आपल्याला टाकलं आहे असं मानणारा माणूस सत्तावीस वर्षं जगला आणि लिहीत राहिला. त्याच्या वाट्याला आलेली आशा त्याच्या मनात शिरलीच नाही. ती न्यूटनच्या घरात होती, मेरीबाईंच्या हातात होती, सशांच्या खुराड्यात होती. तिला आशा म्हणायचं की नाही? माझ्या मते तिलाच म्हणायचं.

आता पहिल्या तटाकडे वळते. हे माझेच लोक आहेत, म्हणून त्यांच्याशी जास्त परखड बोलणार आहे. ते प्रेषित पौलाचं वचन पुढे करतात: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. वचन खरं आहे, आणि ते तुरुंगातून लिहिलेलं आहे म्हणून त्याला वजनही आहे. पण त्याच पौलानं करिंथकरांना दुसरं पत्र लिहिताना पहिल्याच अध्यायात सांगितलं आहे की आशियात आमच्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा आम्ही सोडली. हे वचन कॅलेंडरावर छापलेलं मी कधी पाहिलं नाही. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो, खचलेल्यांचं सांत्वन करणाऱ्या देवानं आमचं सांत्वन केलं. कसं केलं? दर्शन देऊन? चमत्कार करून? तीत नावाचा माणूस आला म्हणून. प्रवास करून एक मित्र येऊन पोचला, आणि पौल त्याला देवाचं सांत्वन म्हणतो. मासेदोनियात पौलाला जे पुरलं, ते आपल्या मंडळीतल्या आजाऱ्याला कमी दर्जाचं का वाटावं?

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असते, पण त्यातलं कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेनं अग्नी उतरल्याचं दृश्यच आपण रंगवून सांगतो. त्याच्या लगेच पुढचा अध्याय वाचा. हाच संदेष्टा रानात एकटा जातो, झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत येतो. तो एलीयाला ‘तुझा विश्वास कुठे गेला’ असं विचारत नाही. कालच्या विजयाची आठवण करून देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेही खाऊ घालायलाच. देवाशी बोलणं होतं ते पुढे, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. जेवण, झोप, वेळ, आणि मग संवाद. आपण हा क्रम उलटा करतो आणि आजाऱ्याला आधी डोंगर चढायला लावतो.

गोळी म्हणजे अविश्वास, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच आजोबांना विचारावं. महाराष्ट्रातली ख्रिस्ती मंडळी मिशन हॉस्पिटलांच्या सावलीत वाढली. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला हॉस्पिटल उभारलं. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही सांगली-मिरजेच्या मध्ये आहे, आणि तिथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. त्या काळी क्षय झाला की घराणं तोंड लपवायचं, मुलींची लग्नं मोडायची. तो शाप आहे, पाप आहे, असंच लोक म्हणायचे. मिशनच्या दवाखान्यात सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची आणि मग डॉक्टर ऑपरेशनला जायचे. या दोन गोष्टींत कुणाला विरोध दिसला नाही. मोतीबिंदू काढून घरी आलेला माणूस ‘प्रभूनं डोळे दिले’ म्हणायचा आणि डॉक्टरांनाही हात जोडायचा. फुप्फुसाला औषध दिलं तेव्हा जो विश्वास डगमगला नाही, तो मेंदूला औषध दिल्यावर का डगमगतो? पौलाचा सोबती लूक ‘प्रिय वैद्य’ होता, हे आपल्याच शास्त्रात लिहिलं आहे.

‘तुझा विश्वास कमी पडतो’ हे वाक्य तर मला मंडळीतून हद्दपार झालेलं पाहायचं आहे. कफर्णहूमला चौघांनी एका पक्षघाती माणसाला बाजेवरून आणलं, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उघडलं आणि बाज खाली सोडली. शुभवर्तमानात मार्क लिहितो की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्या चौघांचा. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथं वेगळा एक शब्द नाही. त्याला विश्वास होता का, तो चिडला होता का, ‘मला घरीच राहू द्या’ म्हणत होता का, आपल्याला माहीत नाही, आणि येशूनंही विचारलं नाही. आजाऱ्याच्या वाट्याचा विश्वास काही दिवस दुसऱ्यांनी धरायचा असतो. मंडळी असते ती त्यासाठी. बाज चार कोपऱ्यांनी उचलली जाते. पाळक एक कोपरा धरतील, डॉक्टर एक, घरचे एक, शेजारी एक. एकानं ‘माझाच कोपरा खरा’ म्हणून ओढलं तर बाज कलंडणारच.

दुसऱ्या तटातली मुलं इथं म्हणतील, ठीक आहे बाई, पण भाकर आणणारा शेजारी हिंदू असेल, नास्तिक असेल, तरी चालेलच की. मग ख्रिस्त कशाला हवा? चालेल, नक्कीच चालेल. माणुसकीवर ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी आहे असं मी म्हणणार नाही. देवापुढे आपला अंधार उघडा करायची रीत मराठी माणूस आमच्याकडून शिकलेला नाही. तुकोबांच्या अभंगांत तो आक्रोश शतकानुशतकं घुमतो आहे, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक तर तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्तापाशी आल्याचं सांगत. पण मला स्वतःला कशानं धरून ठेवलं असं विचाराल, तर गेथशेमाने बागेतल्या त्या रात्रीनं. माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, असं तिथं खुद्द येशू म्हणतो, आणि मित्रांकडे एवढंच मागतो की जागे राहा. मित्र झोपी जातात. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर तो बाविसाव्या स्तोत्रातली हाक मारतो: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ज्या विश्वासाच्या मध्यभागी ही हाक आहे, तिथं मला माझी हाक लपवावी लागली नाही. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. शास्त्र जुळवणाऱ्यांनी ते गाळलं नाही, त्याला शेपूट जोडलं नाही. माझ्या सर्वांत वाईट महिन्यात मला वाचता आलेलं ते एकमेव स्तोत्र होतं.

आणि ‘समजूत’ म्हणाल तर नैराश्य काय सत्य सांगतं? ते सांगतं की हे कधीच संपणार नाही, तू ओझं आहेस, तुझ्याशिवाय सगळ्यांचं बरं चालेल. हीदेखील भविष्याविषयीची विधानंच आहेत, फक्त ती पूर्ण खात्रीनं केलेली असतात, आणि ती खात्री हेच आजाराचं लक्षण. या गोळ्यांचा परिणाम बहुधा काही आठवड्यांनी जाणवायला लागतो. सुरुवातीला मळमळ होते, झोप बिघडते, मन मात्र तिथंच. त्या आठवड्यांत रोज रात्री आठ वाजता गोळी तोंडात टाकायला कशाचा आधार असतो? पुराव्याचा तर नसतो. दिसणारी आशा ही आशाच नव्हे, असं पौल रोमकरांना लिहितो. मी ते वाक्य धर्मशास्त्राच्या पुस्तकात समजले नाही. स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यासोबत समजले.

या आजारापासून मंडळीला दूर ठेवा, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या देशाचं चित्रही पाहावं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी ८५ च्या आसपास लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. तालुक्याच्या गावी बहुधा मानसोपचारतज्ज्ञ नसतो. पाळक, फादर, सिस्टर असतात. रडत आलेली बाई पहिल्यांदा त्यांचंच दार ठोठावते. ते दार तिला पुढे दवाखान्यापर्यंत नेणारं असावं, एवढीच माझी मागणी आहे. प्रत्येक पाळकांच्या वहीत टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक असावा; तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतो. ‘जगणं नको वाटतं का’ असं सरळ विचारायला कचरू नये. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, उलट दडपलेलं बोलायला वाट मिळते. आणि कुणी गेलंच, तर त्याच्या घरच्यांना नरकाची भीती घालू नये. आत्महत्या केलेल्यांना एके काळी ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जाई. कॅथलिक चर्चनं १९८३ च्या धर्मविधीसंहितेत ती बंदी ठेवली नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट लिहिलं की तीव्र मानसिक व्यथेनं माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नये. इतकी जुनी, इतकी सावकाश चालणारी संस्था बदलू शकते, तर आमचा तरुणसंघ का बदलू शकणार नाही?

माझ्या नऊ महिन्यांत मंडळीतल्या एक मावशी दर गुरुवारी दुपारी यायच्या. भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधून आणायच्या, ‘सलाम बाई’ म्हणायच्या आणि खाली बसून पिशवीतली मेथी निवडायला लागायच्या. वचन वाचायच्या नाहीत, प्रार्थना करू का असंही विचारायच्या नाहीत. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. जाताना गोळ्यांच्या पाकिटाकडे बघून ‘कालची घेतली ना?’ एवढंच. कित्येक गुरुवार मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

परवाच्या रविवारी तो साक्ष देणारा मुलगा उपासनेला नव्हता. मावशी आता सत्तरीच्या पुढे गेल्यात, गुडघे दुखतात, तरी म्हणाल्या, चल. आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. आईनं दार उघडलं आणि ओशाळून म्हणाली, दोन दिवस झाले, नुसता पडून आहे, उठवते थांबा. मावशींनी तिचा हात धरला. ‘झोपू दे त्याला,’ म्हणाल्या. फडकं सोडून भाकरी टेबलावर ठेवल्या, चटईवर टेकल्या आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, ‘घरात काही निवडायचं असेल तर दे गं आणून.’